कॅमेऱ्यांना ऊन दाखवताना

दसरा झाला की मी कॅमेऱ्यांना ऊन दाखवते. गच्चीवर एक जुनं पांढरं धोतर पसरायचं, त्यावर एकेक कॅमेरा ठेवायचा, पाठी उघडायच्या, भिंगं आभाळाकडे करायची आणि आपण जिन्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचं. चंद्रपुरात माकडांचा त्रास फार, म्हणून हाताशी काठी ठेवते. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी सून दरवर्षी तेच विचारते, "काकू, यातला एखादा चालतो का हो?" मी म्हणते, "चालायला ते काय बैल आहेत?" ती हसते आणि चिमटे लावत पुढे सरकते.

खरं सांगायचं तर दोन-तीन अजून चालतील. पण त्यांना लागणारी फिल्म इथे मिळत नाही आणि मागवायची मला हौस नाही. माझ्या मोबाइलमध्ये नातवाचे इतके फोटो आहेत की एकही धड पाहिला जात नाही.

संग्रह माझा नाही, बाबांचा. मी राखणदार. भावांनी वाटणीच्या वेळी भांडीकुंडी घेतली, शेत घेतलं, आणि कॅमेऱ्यांची पत्र्याची ट्रंक सगळ्यांनी एकमताने माझ्याकडे सरकवली. एकमत आमच्या घरात तेवढंच एकदा झालं.

बाबा आलापल्लीला लाकडाच्या डेपोत कारकून होते. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता, चंद्रपूरला चांदा म्हणत, सगळा मिळून चांदा जिल्हा, आणि आम्ही त्याच्या पार दक्षिणेला, सागवानात. इंग्रज साहेब गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यांमधून बरंच सामान निघालं. कुणी आरामखुर्ची उचलली, कुणी कंदील, एकाने तर हरणाचं शिंग नेऊन त्यावर बंड्या टांगल्या. बाबांनी एक कॅमेरा आणला. मग त्यांना तो नादच लागला. नागपूरला कचेरीच्या कामाला गेले की जुन्या बाजारात फेरी, सिरोंच्याकडचा कुणी ठेकेदार भेटला की त्याच्याकडे चौकशी. घरात कॅमेरे वाढत गेले आणि त्यांना आमच्या घरातली नावं पडली. घडीचा, पुढे भाता असलेला तो भात्या. वरखाली दोन भिंगांचा तो दोनडोळ्या. लाकडी, तीन पायांवर उभा राहणारा आणि काळ्या फडक्याखाली डोकं घालून बघावं लागणारा तो म्हातारा. आणि एक साधी काळी पेटी. तिला तिच्यासारखंच साधं नाव होतं, पेटी. बाबा सगळ्यात जास्त वापरत ती पेटीच, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं.

आलापल्लीचा पावसाळा कॅमेऱ्यांचा वैरी. जोडे हिरवे पडत, चामड्याच्या पट्ट्याला पांढरं यायचं, आणि भिंगाच्या आत कोळिष्टकासारखी बारीक बुरशी धरायची. एकदा धरली की ती काच गेली. म्हणून बाबांनी बिस्किटांचे पत्र्याचे डबे जमवले होते. एका डब्यात एक कॅमेरा, सोबत कडुनिंबाचा वाळका पाला आणि तव्यावर भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. तांदूळ ओल ओढून घेतात. ओढून ओढून ते मऊ पडले की मायने ते परत भाजायचे. चुलीपुढे बसून तवा हलवता हलवता ती बोलत राहायची, "माणसाईले कण्या अन् कॅमेऱ्याईले भाजले तांदूळ! पुढल्या जन्मी मी कॅमेराच होतो बाप्पा."

बाबा ओसरीवरून म्हणायचे, "हो ना. पण तोंड बंद ठेवा लागते कॅमेऱ्याले."

भाजलेल्या तांदळाचा, कडुनिंबाचा आणि जुन्या चामड्याचा असा एक मिळून वास होता. आज ट्रंक उघडली तेव्हा त्यातला चामड्याचा तेवढा आला. डब्यात आता मी औषधांच्या बाटल्यांत येतात तसल्या पांढऱ्या पुड्या ठेवते. त्या जास्त चांगल्या, पण त्यांना वास नाही.

आश्विनात उघडीप झाली की अंगणात सगळ्यांचंच ऊन चालायचं. वाकळा, गोधड्या, उन्हाळ्यात वेचून ठेवलेली मोहफुलं, चिंच, डाळी, गाद्यांचा कापूस. शेजारच्या गोंड घरांमधूनही टोपल्या बाहेर यायच्या आणि सबंध वस्तीवर मोहाचा तो गोडूस, डोक्यात जाणारा वास पसरायचा. पावसाळाभर जे जे अंधारात होतं ते उघडायचं, पसरायचं, दुपारी पालथं घालायचं. त्याच रांगेत शेवटी कॅमेरे. बाबा एकेकाची पाठ उघडून ठेवत आणि मायला बजावत, "आतून ऊन लागलं पाहिजे. ओल आतच असते." माय हे वर्षानुवर्षं ऐकत आली होती. बाबांनी तिला एकच गोष्ट कधी सांगितली नव्हती, कारण सांगायची वेळच आली नव्हती. त्यांनी उन्हात ठेवलेले कॅमेरे रिकामे असत.

माझा मामा, तुळशीराम, मायपेक्षा बराच लहान. मायनेच त्याला कडेवर वागवलेला. चामोर्शीकडे तळ्याच्या काठावर त्यांचं घर. धानाचं थोडं शेत आणि तळ्यातले मासे यावर चालायचं. तो आला की पिशवीतून आधी सुकट निघायची, मग शिंगाडे, मग गप्पा. सुकटीचा वास दोन दिवस ओसरीवर राहायचा आणि मामाचा आवाज त्याहून जास्त. मायला तो बाई म्हणायचा. बाबांची खोडी काढल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. डबे पाहून म्हणायचा, "भाऊजी, एवढ्या पेट्या ठेवून राह्यले तुमी. एकीतून तरी माणूस बाहेर काढून दाखवा."

यात टोमणा होता आणि तो बरोबर बसायचा. बाबा कॅमेऱ्यांच्या बाबतीत उदार आणि फिल्मच्या बाबतीत महा चिक्कू. एका रोलमध्ये आठ फोटो. रोल चांद्याहून आणायचा, धुवायला चांद्यालाच पाठवायचा, मधे आष्टीला वैनगंगा नावेतून ओलांडायची. तेव्हा बाबांचा नियम होता, एका माणसाचा एक फोटो, आणि रोल संपल्याशिवाय पेटीतून काढायचा नाही. सणाला काढलेला फोटो बघायला पुढचा सण उजाडायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. शेतात पेरलेलं कुणी दुसऱ्या दिवशी उकरून बघतं का?

त्या वर्षी संक्रांतीला बाबांनी पेटीत नवा रोल घातला. पहिला फोटो आम्हा भावंडांचा, नवे कपडे घालून, डेपोतल्या सागवानी ओंडक्यांवर बसवून. दुसरा मार्कंड्याच्या जत्रेत.

महाशिवरात्रीची जत्रा. वैनगंगेचं पात्र तिथे रुंद, पाणी उतरलेलं, रेतीच रेती. देवळाच्या काळ्या दगडांना सकाळी गारवा आणि दुपारी हात लावू नये अशी धग. फुटाणे, उदबत्ती, बैलांचं शेण, भज्यांचं तेल. मामा आम्हाला रेतीत भेटला. कोरं धोतर, डोक्याला तेल, गळ्यात रंगीत रुमाल. सरळ बाबांपुढे उभा राहिला. "भाऊजी, आज काहाडाच. माहा अन् बाईचा. तुमच्या नियमानं दोन माणसं, एक फोटो. तुमचाच फायदा हाय."

बाबांना हा हिशेब पटला. त्यांनी दोघांना उन्हाकडे तोंड करून शेजारीशेजारी उभं केलं. माय उजवीकडे, मामा डावीकडे. मायने पदर डोक्यावरून घेतला, ओठ मिटले आणि तोंड असं केलं की जणू कुणी तिचं दुखतं पाहत आहे. मामा ताठ झाला. बाबा पेटी पोटाशी धरून वरच्या काचेत वाकले. "हालू नका. श्वास घेऊ नका."

आणि नेमका खटका दाबायच्या वेळी मामा ओठ न हलवता काहीतरी पुटपुटला. माय त्याच्याकडे वळली आणि हसली. पदर पडला. खटका झाला.

"गेला वाया!" बाबा ओरडले. "सांगितलं होतं ना हालू नका म्हणून?"

"वाया काऊन जाईल, भाऊजी? हासून राह्यली ना बाई," मामा म्हणाला. "नाई तं दुसरा काहाडा."

"दुसरा नाई. एक म्हणजे एक."

मामाने हात जोडले, आम्हाला फुटाणे घेऊन दिले आणि संध्याकाळी आपल्या गावच्या गाडीत बसून गेला. गाडी रेतीत रुतली म्हणून खाली उतरून त्याने चाकाला खांदा लावला. ओरडत होता, बैलांवर आणि गाडीवानावर. त्यानंतर मी त्याला पाहिला नाही.

होळीला दोन फोटो झाले. पुढे उन्हाळा लागला, डेपोत कामाची झुंबड उडाली, आणि रोल तसाच पेटीत राहिला. काही फोटो शिल्लक होते.

त्या पावसाळ्यात मामा गेला. कसा गेला ते इथे लिहीत नाही. तळं भरलेलं होतं, एवढं पुरे. निरोप घेऊन एक माणूस आला तो कमरेपर्यंत ओला होता. वाटेत दिना नदी आणि सगळे नाले भरून वाहत होते, तो कसा पोचला त्यालाच माहीत. तोवर तिकडे सगळं आटोपलंही होतं. माय जायला निघाली, बाबा तिच्याबरोबर निघाले, आणि दोघं पहिल्याच मोठ्या नाल्यावरून परत आले. मायचं लुगडं चिखलाने भरलेलं. ती ओसरीवर बसली आणि एकच बोलत राहिली, "तोंड पाहाले नाई भेटलं. त्याचं तोंड नाई पाह्यलं म्या."

आमच्याकडे हे फार मोठं. माणूस गेल्याचं दुःख सगळ्यांना असतं, पण शेवटचं तोंड न पाहता आलेल्याचं दुःख निराळं. ते कुठे टेकतच नाही.

मग कधीतरी, तिसऱ्या की चौथ्या दिवशी, ती एकदम उठली आणि बाबांना म्हणाली, "तो पेटीत हाय."

बाबांच्याही ते लक्षात होतं. मला वाटतं, निरोप आल्यापासून त्यांच्या मनात तेच चाललेलं होतं. होळीनंतर उरलेले चार फोटो असेच काढून टाकले असते, झाडाचे, कुत्र्याचे, तर तो रोल उन्हाळ्यातच धुऊन आला असता. माय मात्र बोलली. "एक रोल काऊन नाई संपवला तुमी? सांगा ना. काऊन नाई?" आता आष्टीचा घाट बंद, नावा बंद. दसऱ्यापर्यंत थांबायचं.

तो पावसाळा माझ्या आठवणीत भाजलेल्या तांदळाच्या वासाचा आहे. माय पेटीच्या डब्यातली पुरचुंडी रोज बदलायची. बाकीच्या कॅमेऱ्यांना बुरशी येवो की काही होवो, तिला पर्वा नव्हती. डबा ती चुलीपासून हात-दोन हात दूर, कोरड्या फळीवर ठेवायची. सरपण ओलं, घरभर धूर, आणि ती तवा हलवते आहे. तांदूळ आता ती मुकाट भाजायची, आणि बाबाही ओसरीवरून काही म्हणायचे नाहीत. कधी ती डबा नुसता मांडीवर घेऊन बसायची. झाकण उघडायची नाही.

भिंतीवर तिने जागा ठरवली. डेपोतले सुतार सोमाभाऊ आमच्या घरी यायचे, त्यांना सांगून सागवानाची चौकट करून घेतली. फोटोच्या आधीच. सोमाभाऊंनी माप विचारलं तेव्हा तिने दोन्ही हात हवेत धरून दाखवलं, "एवढा असंल. दोघं मावले पाहिजे." चौकट झाली, तिला तेलपाणी झालं, आणि ती रिकामीच खिळ्यावर लागली. येणारेजाणारे तिच्यातून आमच्या कुडाचं सारवण पाहायचे.

दसऱ्याआधीच एक दिवस खणखणीत ऊन पडलं. बाबा सकाळीच लाकडं मोजायला जंगलात गेले होते. वस्तीत टोपल्या बाहेर आल्या, वाकळा आल्या. मायने धोतर पसरलं. त्या दिवशी तिने बाकी एकाही कॅमेऱ्याला हात लावला नाही. फळीवरून फक्त तो डबा काढला. पेटीची चावी ओढून आतला सांगाडा ती अलगद बाहेर सरकवत होती, दरवर्षी बाबा करत तसाच, तेव्हा मी पायरीवर बसले होते. सांगाड्यावर कागदाची गुंडाळी होती, फिल्म त्या कागदाच्या आत. मायने ती पाहिली आणि पदराने तिच्यावरची धूळ टिपली. मग सांगाडा आडवा करून धोतरावर ठेवला, एक कूस उन्हाकडे.

"केवढी ओल खाल्ली असंल त्यानं," ती म्हणाली. "दुपारी ही कूस पालटू. मंग दुसरी."

ती शेजारी बसून राहिली. कावळा आला की हाकलायची. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा मी असा सैल पाहिला नव्हता. तिच्या भावासाठी तिला काहीतरी करता येत होतं.

बाबा दुपार व्हायच्या जरा आधी आले. सायकल मोहाच्या झाडाला लावली, टोपी सारखी केली आणि अंगणाकडे वळले. वळले आणि थांबले. मी त्यांच्याकडेच पाहत होते. ते धावले नाहीत. हळू चालत धोतरापर्यंत आले, उकिडवे बसले, डोक्यावरची टोपी काढली आणि त्या सांगाड्यावर झाकली.

"झालं का लवकर?" मायने विचारलं.

"झालं."

"आता कूस पालटतच होती मी. एकच बाजू झाली."

"बस झालं तेवढं," बाबा म्हणाले. "चांगलं ऊन होतं."

"ओल गेली असंल ना?"

"गेली. सगळी गेली."

टोपीसकट तो सांगाडा उचलून ते आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा तांब्याभर पाणी प्यायले आणि जेवायला बसले. मायने त्यांना त्या दिवशी दुसऱ्यांदा भात वाढला. त्यांनी तोही खाल्ला.

घाट सुरू होताच ते स्वतः चांद्याला गेले. एरवी जाणाऱ्याच्या हाती रोल देत. चांद्याच्या फोटोवाल्याकडे बसून त्यांनी तो धुऊन घेतला आणि परत आले. माय दारातच होती. तिने हात धुऊन, पुसून ठेवले होते.

बाबांनी आधी आमचा संक्रांतीचा फोटो पाकिटातून काढला. गुंडाळीत सगळ्यात आतला म्हणून तो जवळजवळ अख्खा आला होता, कडा तेवढ्या धुरकटलेल्या. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. होळीचे नुसते पांढरे. मग त्यांनी मार्कंड्याचा फोटो तिच्या हातात दिला.

उजवीकडे माय. पदर खांद्यावर पडलेला, मान वळवलेली, दात दिसताहेत, डोळे बारीक झालेले. आणि ती ज्याच्याकडे पाहून हसते आहे तिथे काही नाही. डावी बाजू वरपासून खालपर्यंत पांढरी. त्या पांढऱ्याच्या काठाशी, मायच्या दंडाजवळ, रुमालाचं एक टोक. बस.

"तुळश्या कुठी हाय?" तिने विचारलं. फोटो पालथा करून तिने मागेही पाहिलं.

"रोल जुना होता," बाबा म्हणाले. "दुकानदारानं जुना माल देल्ला, म्या पाह्यलं नाई. माही चूक हाय."

माय रडली, फोटो दूर धरून, त्यावर पाणी पडू नये म्हणून. आणि त्या संध्याकाळी, पुढे कित्येकदा, तिने बाबांना ऐकवलं. एवढे कॅमेरे, एवढा पसारा, आणि माझा एक भाऊ धड निघाला नाही तुमच्याच्यानं. बाबा ऐकून घ्यायचे. त्यांना आपल्या हातच्या फोटोंचा केवढा अभिमान होता ते आम्हाला माहीत होतं. जंगलातले साहेबलोकही त्यांना विचारून फोटो काढत. पण रोल जुना होता, माझी चूक, यापुढे ते कधी गेले नाहीत.

सोमाभाऊ फोटो बसवायला आले. त्यांनी फोटो हातात घेऊन मान हलवली. "बाई, हा पांढरा भाग कापून टाकतो अन् चौकट लहान करून देतो. तुमचा फोटू लय साजरा आला."

"नाई, भाऊ," माय म्हणाली. "पांढराच तं ठेवाचा हाय. माहा कापला तरी चालंल."

फोटो अख्खा लागला. नवीन माणूस आलं की विचारायचं, "हा कोणाचा फोटू?" माय चुलीपुढून सांगायची, "माह्या भावाचा." माणूस पुन्हा फोटोकडे पाहायचं, मग मायकडे, आणि चहा प्यायचं.

भाऊबीजेला ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. मायने चंद्राला ओवाळलं नाही. ती पाट भिंतीशी मांडायची आणि ताट फोटोच्या डाव्या बाजूला फिरवायची, नेमकं डाव्या बाजूला. पितृपंधरवड्यात अडचण यायची. गेलेल्याच्या फोटोला हार घालायचा, पण त्याच फोटोत जिवंत माणूस. मी लहानपणी एकदा हौसेने झेंडूचा हार करून सबंध चौकटीला घालायला गेले तेव्हा तिने धावत येऊन माझा हात धरला. "पुरा नको घालू, पोरी. मी जित्ती हाय अजून." मग तिने हार सोडला आणि त्यातलं एकच फूल डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर खोचलं. पुढे दरवर्षी तसंच. एक फूल, डावीकडे.

मी मॅट्रिकला असताना बाबांनी मला पेटीत रोल घालायला शिकवलं. आतल्या खोलीत, दार लावून. म्हणाले, "उन्हात उघडाचा नाई. ऊन लागलं का सगळं गेलं." मी त्यांच्याकडे पाहिलं. मला ते अंगण आठवलं, धोतर आठवलं आणि टोपी आठवली. त्यांनी माझ्याकडे न पाहता चावी फिरवली.

"तुह्या मायले सांगाचं नाई," ते म्हणाले. "तिनं त्याले ऊन दाखवलं. बस."

मी सांगितलं नाही. सांगायची गरज होती की नव्हती, ते मला नक्की माहीत नाही. कारण त्या पावसाळ्यानंतर दरवर्षी, दसऱ्याला बाबा कॅमेरे बाहेर काढत तेव्हा माय हातातलं काम टाकून येऊन उभी राहायची. पहिल्या डब्याचं झाकण निघालं की विचारायची, "आत कोणी हाय का, पाह्यलं का?"

रोल आहे का, असं ती कधीच विचारायची नाही. कोणी आहे का. बाबा म्हणायचे, "कोणी नाई. रिकामा हाय." प्रत्येक कॅमेऱ्याला हेच. मग ती आत जायची. तिला कधी कळलं, कुणी सांगितलं, की त्या गुंडाळीकडे आणि त्या टोपीकडे मनातल्या मनात पाहत राहून तिचं तिलाच उमगलं, मला माहीत नाही. पण तिला कळलं होतं. तिला कळलं आहे हे बाबांनाही कळलं होतं, आणि तेही तिला माहीत असावं. तरी ती त्यांना जुन्या रोलवरून बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले. संसार करायच्या पुष्कळ तऱ्हा असतात. त्यांची ही होती, आणि मला ती अजून आवडते.

बाबा आधी गेले. माय पुढे बरीच वर्षं माझ्याकडे या घरात होती. दसऱ्यानंतर मी कॅमेरे गच्चीवर न्यायची तेव्हा ती खालून बाजेवरूनच ओरडायची, "आत कोणी हाय का वो?" मी वरून ओरडायची, "कोणी नाई!" शेजाऱ्यांना वाटायचं म्हातारीला भ्रम झाला आहे.

एकदा मी तिला विचारलं, मामा तेव्हा काय पुटपुटला होता. इतक्या वर्षांत ते विचारायचंच राहिलं होतं. ती लगेच हसली, त्या फोटोतलंच हसू, दात नव्हते तरी. "म्हणे, बाई, तुह्या नाकावर माशी बसली. माशी नव्हती काई. तसाच होता तो, लबाड."

माय गेली तेव्हा भावांनी मतदार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती कुणावर तरी खेकसायच्या बेतात दिसत होती. मी तो लावू दिला नाही. सागवानाची चौकट उतरवली, पुसली, पाटावर ठेवली. भाऊ म्हणाला, "यात अर्धा फोटो तर उडालेला आहे." मी म्हटलं, "असू दे."

पुतण्याने बाजारातून झेंडूचा हार आणला होता. मी तो हातात घेतला, आणि सवयीने त्यातलं एक फूल तोडून डाव्या कोपऱ्यात खोचायला निघाले. बोटं फुलापर्यंत गेलीही. मग लक्षात आलं. हात धरायला आता कुणी धावत येणार नव्हतं.

आज गच्चीवर ऊन तसंच आहे. पेटी शेवटी उघडली. उघडायच्या आधी विचारलं, तोंडाने, मोठ्याने, आणि शेजारची सून चिमटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. कोणी नव्हतं. सांगाडा आडवा ठेवला. दुपारी कूस पालटेन.

खाली भिंतीवर फोटो आहे. त्या दिवशी मी हार सबंध चौकटीला घातला, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. दोघांना तो बरोबर पुरला.